डोळे आखणारी कुठे बसते?

जिच्यावर अन्याय झाला ती चोवीस वर्षांची, बिनलग्नाची, पेणजवळच्या जोहे गावातल्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे आखणारी. अन्याय झाला तो गेल्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, पेणच्या एका खासगी दवाखान्यात. मी तिथेच होते, तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. तेव्हा 'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात' असं मला कुणी शिकवू नये. दुसरी बाजू मी पोटभर ऐकली आहे. ती बाजू नेहमी मोठ्यानं बोलते.

तिचं नाव मी लिहिणार नाही. ते जोह्यापासून हमरापूरपर्यंत आधीच पुष्कळ तोंडांनी चघळलंय. दवाखान्याचंही लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीचे दवाखाने सुटल्यासारखे हसतील.

रोह्याला बायकांच्या संघटनेच्या एका शिबिरात मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी, ते सांगायचं. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं, ते सांगायचं. मधे रडायचं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, पेणच्या शिक्षकांच्या घरातली, भांडायची हौस असलेली. पाच वर्षं तसंच लिहीत आले. हे पत्रक नाही, पण हाताला वळण पडलंय, त्याला इलाज नाही.

आधी कारखाना समजून घ्या. आमच्याकडे गणपतीचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. पुढे दार, दारातून उजेड, उजेडात रंगकाम. आणि अगदी दाराशी, जिथे उजेड सगळ्यात चांगला, तिथे डोळ्यांच्या आखणीची बैठक. ही जागा बहुतेक कारखान्यांत पुरुषाची असते. हिनं ती हातातल्या कसबावर मिळवली होती. मागच्या बाजूला पडवी. तिथे कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासायच्या. ते काम धुळीचं आणि उजेड नसलेलं.

त्या कारखान्याचा नियम असा, की महिन्याच्या चार दिवसांत बाईनं रंगलेल्या मूर्तीला हात लावायचा नाही. मागच्या पडवीत घासकामाला बसायचं. म्हणजे घासताना तो देव नसतो आणि रंगाचा हात फिरला की देव होतो. देव नेमका कुठल्या डब्यापासून होतो ते मालकीण ठरवते. मालकिणीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर गॅसचा सिलिंडर कधी लावला त्या खुणेशेजारी प्रत्येक बाईच्या पाळीची खूण असते. भक्ती वगैरे काही नाही त्यात. आखणीवाली चार दिवस मागे बसली की माल अडतो, म्हणून आधीच हिशेब धरायचा. आमच्या गावातल्या नर्सबाईंना नसेल एवढी खडान्‌खडा माहिती त्या कॅलेंडरावर आहे, आणि ते कॅलेंडर देव्हाऱ्याच्या बाजूला टांगलेलं आहे.

आणखी एक रीत लक्षात ठेवा, पुढे लागेल. सीझनला सगळ्या बायकांचे मोबाईल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा होतात. रंगाचे हात लावून रील बघत बसतात, अशी मालकिणीची तक्रार. त्यामुळे रेशन असो, बँक असो, पोरांची शाळा असो, कुठेही नंबर विचारला की या बायकांच्या तोंडातून कारखान्याचा नंबर बाहेर पडतो. स्वतःचा नंबर पाठ नसलेल्या बायका मी तिथे पाहिल्या आहेत.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी 'मागे बसू नका' असं पत्रक काढलं आणि जोह्याच्या स्टॉपवर उभी राहून वाटलं. घासकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींनी ते हातात घेऊन बोटांनी चाचपलं.

"कागद बेस हाय गो बाय. गुळगुळीत. सोंडेवर घासायला चालंल काय?"

"मावशी, वाचा तरी."

"वाचता येत असतं तर घासत बसले असते व्हय?"

बायका हसल्या. पत्रकं पिशव्यांत गेली. मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी आखणीवालीनं ते केलं. सकाळी बैठकीवर बसताना मालकिणीला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काकी, आज माझा पहिला दिवस हाय. आणि मी हितंच बसणार."

मालकिणीनं चहाचा कप खाली ठेवला. "देवाला दिसत नाय काय गो?"

"डोळे अजून मी काढले नाय त्याचे. दिसंल कसं?"

हे मला मावशींनी नंतर सांगितलं, तेव्हा त्यांना हसून ठसका लागला होता. मालकिणीनं तिला बसू दिलं. मुंबईच्या मंडळांच्या ऑर्डरी निघायच्या होत्या आणि तिच्यासारखे डोळे आखणारं दुसरं कुणी नव्हतं. आमच्याकडचं शास्त्र हे असं आहे. ऑर्डर बघून कडक होतं, ऑर्डर बघून मऊ पडतं. मी मात्र आठवडाभर फुशारकी मारत हिंडले. माझ्या पत्रकानं एक बाई जागची हलली नाही, यापेक्षा मोठं यश मला तोवर मिळालं नव्हतं.

श्रावण लागला आणि ती पेणला आमच्या घरी आली. आई स्वयंपाकघरात होती. ती पायरीवरच बसली, आत येईना.

"ताई, मला दिवस गेलेत. मला नको हाय."

मी लगेच माझी वही काढली. शिबिरात दिलेली प्रश्नावली त्या वहीत होती. तिच्याकडे न बघता मी विचारलं, "त्यानं फसवलं का?"

"नाय."

"लग्नाचं वचन दिलं होतं?"

"नाय ओ."

"जबरदस्ती?"

"मीच बोलावला त्याला. आवडला. त्यात काय?"

माझं पेन अडकलं. पाच वर्षांत मी गर्भपातावर चार पत्रकं लिहिली होती, आणि चारही पत्रकांतल्या बाया फसलेल्या, नाडलेल्या, बलात्कार झालेल्या. 'आवडला' असं म्हणणारी एकही नव्हती. मी पुरोगामी, आणि माझ्या हक्कांच्या यादीत जाण्यासाठी बाईला आधी रडावं लागत होतं. देवळातला पुजारी आणि मी यांत फरक एवढाच, की तो पायरीवरून हाकलतो आणि मी वहीतून.

मुलगा रोह्याचा, कंपनीत शिफ्टला जाणारा. कंपनीच्या गेटवरच्या गणपतीची ऑर्डर द्यायला कारखान्यात आला होता. तिथून ओळख. हल्ली आमच्याकडे नाक्यावरचे लोक म्हणतात, मोबाईल आले आणि पोरी बिघडल्या. खोटं आहे. मोबाईल नव्हते तेव्हाही धरमतरच्या मिठागरांच्या बांधावर काय चालायचं हे त्याच नाक्यावरचे म्हातारे डोळे मिचकावून सांगतात, आणि सांगताना मिशीला ताव देतात. तेव्हा ते मर्दानी होतं. बदललंय ते इतकंच, की आता तीच गोष्ट बाई मान खाली न घालता सांगते. त्यांना चळ आवडतो. बाईचं खरं बोलणं तेवढं झोंबतं.

तिला मूल नको होतं आणि लग्नही नको होतं. तिला दाराशेजारची ती उजेडाची जागा हवी होती. "ती गेली तर मी परत मागच्या धुळीत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दुसरी भीतीच नव्हती. हे सगळं कुणाला न कळता व्हायचं होतं, एवढीच तिची अट.

म्हणून त्या मंगळवारी आम्ही पेणच्या त्या दवाखान्यात गेलो. दारावर पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. पाटीखाली एक बाई कागद भरून घेत होती. नाव, वय, नंबर. नंबर विचारल्यावर आखणीवालीनं सवयीनं सांगून टाकला. कुठला, ते तुम्हाला आता कळलंच असेल. मला मात्र तेव्हा कळलं नाही. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे रागानं बघत होते.

डॉक्टरांनी आत बोलावलं. साठीचे गृहस्थ, कपाळाला गंध, बोलणं गोड.

"मिस्टर आले नाहीत?"

"लग्न नाय झालं माझं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग घरच्या कुणाला तरी घेऊन ये, बाळ. सही लागते. आणि खरं सांगू का, इथे असलं आम्ही करत नाही."

'असलं'. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या तीन जणी कशासाठी आल्या होत्या ते आम्हाला दोघींना माहीत होतं. त्यांच्यातली एक आमच्याच आळीतली. तिची पिशवी साफ करायची होती. लग्न झालेल्या बाईची पिशवी साफ होते. लग्न न झालेलीचं 'असलं' असतं.

मी उठले आणि भाषण ठोकलं. अठरा पूर्ण झालेल्या बाईला स्वतःची सही पुरते, नवऱ्याची नको, बापाची नको. लग्न झालं नाही म्हणून नाकारता येत नाही. तिची माहिती बाहेर जाता कामा नये असं कायद्यात लिहिलंय. मी जे बोलले ते शब्द न्‌ शब्द बरोबर होतं. आणि ज्या आवाजात बोलले तो कोपरासभेचा होता. दार उघडं होतं. बाकड्यावरच्या तिघींनी ऐकलं, औषधाच्या दुकानातला पोऱ्या बाहेर येऊन उभा राहिला. माहिती बाहेर जाता कामा नये, हे मी सगळ्या पेणला ऐकू जाईल असं सांगितलं.

डॉक्टर घाबरले. संघटनेची बाई दिसते, उद्या मोर्चा आणेल. त्यांनी कागदवालीला सांगितलं, "त्या नंबरवर फोन लाव, म्हणावं घरच्यांनी येऊन घेऊन जावं हिला." आम्ही चपला घालत होतो तोवर फोन लागलाही होता. तो कुठे वाजला, ते दीड तासानं जोह्याच्या स्टॉपवर उतरल्यावर समजलं. मालकीण कारखान्याच्या दारातच उभी होती. बिस्किटाचा डबा तिच्या काखेत होता.

"आषाढात मागे बसली नायस, तवा मी म्हटलं पत्रकवालीचं खूळ शिरलंय डोक्यात. म्हटलं जाऊ दे, पोर हुशार हाय. तू लपवत होतीस!"

"मी काय लपवलं? ज्येष्ठात तर सगळ्यांसमोर सांगून बसले."

"बघा, कशी बोलते! देवाच्या दारात बसून..."

शेडमधले सगळे हात थांबले होते. ज्या बाईनं गावात पहिल्यांदा मोकळेपणानं 'आज माझा पहिला दिवस' असं म्हटलं, तिचा तोच मोकळेपणा आता लबाडीचा पुरावा झाला होता. आणि ती युक्ती तिला शिकवणारी मी बाजूला उभी होते, हातात छत्री घेऊन.

मागच्या पडवीतून मावशी धुळीनं पांढऱ्या झालेल्या तशा पुढे आल्या. "मालकीण, एक इचारू?"

"तू तुझं घास."

"घासते. पण पोटुशी बाई कधी मागे बसली हाय काय गो? तिला इटाळ नसतो. आपल्याच नेमानं ही आता सगळ्यात चोख. मग उठवतेस कशापायी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकीण लाल झाली. "लग्नाशिवाय!"

"मग इटाळ लग्नाचा हाय म्हण ना. उगा बाईच्या अंगावर कशाला ढकलतेस? आणि सुनेला दोनदा बाहेरगावी नेलीस, पोटात परत पोरगीच म्हणून, तवा कुणाच्या सहीनं?"

"ते घरातलं होतं."

हे वाक्य मी तिथल्या तिथे पाठ केलं. ते घरातलं होतं. ज्या सुनेनं सही केली नाही, जिला कुणी विचारलं नाही, जिच्या पोटातली मुलगी मुलगी म्हणूनच काढली, ते घरातलं. आणि जी स्वतःच्या पायानं चालत जाऊन 'मला नको' म्हणाली, ते पाप. इतकी वर्षं मला वाटायचं, या लोकांचा गर्भपाताला विरोध आहे. कसला विरोध! गर्भाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. बाईनं ठरवलं, एवढाच राग आहे. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीही ठरवलं तर हीच माणसं रिक्षा करून देतात.

मालकिणीनं मग मोठेपणा दाखवला. मोठेपणाच्या वेळी या बाईचा आवाज फार मऊ होतो. "झालं ते झालं. त्या पोराला बोलाव. चतुर्थीच्या आधी साधंसं लग्न लावून टाकू, मंगळसूत्र मी करते. मग बस तुझ्या जागेवर, कोण काय म्हणतंय?"

म्हणजे तेच पोट, तेच हात, तेच डोळे. गळ्यात काळे मणी आले की सगळं चोख. आखणीवाली म्हणाली, "मला नको लग्न." मालकिणीनं डबा उघडला, तिचा मोबाईल काढून तिच्या हातावर ठेवला आणि आत निघून गेली. जागा गेली ती अशी.

गुरुवारी आम्ही एसटीनं रोह्याला निघालो. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत असं शिबिरातल्या मैत्रिणीनं कळवलं होतं. वडखळच्या पुढे गाडी रखडली, तेव्हा मी आणखी एक शहाणपणा केला. त्या मुलाला फोन करून स्टँडवर बोलावलं. पुरुषाला जबाबदार धरा, असं माझ्याच एका पत्रकात ठळक अक्षरांत होतं.

तो पहिली शिफ्ट सोडून आला, कंपनीच्या निळ्या शर्टात. वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. हिला बघून छाती काढून म्हणाला, "मी काय पळणारा नाय. मी लग्नाला तयार हाय." आणि माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवाव्यात अशी त्याची अपेक्षा असावी.

"तुला मी लग्नाचं इचारलं काय?" ती म्हणाली.

"मग बोलावलंस कशाला?"

"मी नाय बोलावला. हिनं बोलावला."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टँडवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. आम्हा तिघांत त्या क्षणी सगळ्यात जुनाट मीच होते. तो म्हणाला, "सोबत येऊ काय?" ती म्हणाली, "नको. शिफ्ट बुडेल." तो गेला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा अपमान जास्त होता. लग्नाचं दान करायला आलेल्या माणसाला कुणी 'नको' म्हणेल, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आयांनी सांगायला हवं होतं. त्या तर मुलासाठी बदाम भिजत घालण्यात गुंतलेल्या.

डॉक्टरीणबाई बारीक, चष्म्याच्या, कामानं वैतागलेल्या. मला त्यांनी बाहेर बसवलं. "तुम्ही कोण? मग बाहेर." मला राग आला आणि बरंही वाटलं. आत काय बोलणं झालं ते तिनं नंतर सांगितलं. वय विचारलं. शेवटची पाळी विचारली. ती तिला आठवायला वेळ लागला नाही, सगळ्या कारखान्यासमोर सांगितलेला दिवस होता तो. दहा आठवडे झाले होते. मग एकच प्रश्न. "तुझं तू ठरवलंयस ना? कुणी पाठवलं नाही ना?"

"माझं मी."

"मग इथे सही कर. तुझीच."

कायद्याची आरती मी ओवाळणार नाही. त्या कायद्यातही शेवटचा शब्द बाईचा नाही, डॉक्टरचा आहे. रोह्याच्या डॉक्टरीणबाई सरळ होत्या म्हणून झालं, पेणचे सरळ नव्हते म्हणून झालं नाही. एका बाईचं आयुष्य समोरच्या खुर्चीत कोण बसलंय यावर ठरावं, आणि त्याला आम्ही हक्क म्हणावं! तरी त्या दिवशी तेवढंही पुरलं. तपासण्या झाल्या, शनिवारी पुन्हा गेलो, आणि काम झालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भूक लागली." स्टँडसमोर तिनं दोन वडापाव खाल्ले, मिरचीसकट. रडली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. विचारणारे सगळे स्वतःला आपल्या बाजूचे म्हणवणारे होते. नाही रडली. तुमच्यासाठी ती रडणारही नाही.

त्या दिवशी ती आमच्याकडे राहिली. आईनं मऊ भात केला, वर तूप घातलं. ती झोपल्यावर आई माझ्याशेजारी येऊन बसली. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. कधी अवघड बोलत नाही.

"तुझ्यानंतर मी दोनदा गेले होते. पेणलाच."

"कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं? तेव्हाही नाही विचारलं. सही तुझ्या बाबांनी केली, मी आत झोपले होते. मला आणखी मूल हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. विचार करायची वेळच आली नाही माझ्यावर." मग खोलीच्या दाराकडे बघून म्हणाली, "हिनं स्वतः केली ना सही? झोपू दे."

मी पाच वर्षं घराघरांत पत्रकं टाकत होते. स्वतःच्या घरात कधी टाकलं नव्हतं.

आता त्या जागेचं. मालकिणीनं हमरापूरहून एक आखणीवाला आणला. त्यानं आठ दिवसांत जे डोळे काढले त्याचं वर्णन मावशींनी केलं तेच देते. "एक डोळा भक्ताकडं बघतोय, दुसरा एसटीची वाट बघतोय." मंडळवाले ओरडायला लागले. तेव्हा चतुर्थीच्या बारा दिवस आधी, भर दुपारी, मी आखणीवालीकडे बसले असताना, तिच्या घराच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला. आत डोळे नसलेले गणपती, चादरींखाली झाकलेले, आणि त्यांना धरून बसलेल्या मावशी.

"मालकिणीनं पाठवलेत. म्हणाली, घरीच आख. कुणाला सांगू नको."

विटाळलेला हात चालत होता. फक्त दिसायला नको होता.

"आणि माझी जागा?"

"म्हणाली, पुढल्या साली मागच्या पडवीत दिवा लावून देते. तिथं बसून आख. गिऱ्हाइकाला दिसायला नको."

ती पायरीवर उभी राहिली. एका मूर्तीवरची चादर तिनं बाजूला केली, चेहऱ्याकडे बघितलं, पापण्यांच्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, घेईल. तिला त्या कामाची भूक होती, वडापावपेक्षा मोठी. तिनं चादर परत नीट झाकली.

"मावशी, काकीला सांग. देव पुढच्या दारानं येतो. मी पण पुढच्या दारानंच येणार. नायतर वाकडे डोळे घेऊन जा म्हणावं."

"चोख बोललीस," मावशी म्हणाल्या, आणि टेम्पोवाल्याला पाठीत धपाटा घातला. "चल रं, वळव."

ते गणपती वाकड्या डोळ्यांनी मुंबईला गेले. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांची आरती केली.

यंदाही कारखाने सुरू झालेत. ती घरी छोट्या शाडूच्या मूर्ती करते, दहा-बारा घरांपुरत्या. दाराशेजारच्या बैठकीवर अजून तोच हमरापूरकर आहे. मालकीण वाट बघतेय, की ती कंटाळेल आणि मागच्या पडवीत जाऊन बसेल. मालकिणीला तुमच्यावर भरवसा आहे. तुम्ही मूर्ती बघता, मुकुट बघता, सोंड कुठल्या बाजूला ते बघता आणि घेऊन जाता, हे तिला माहीत आहे.

तो भरवसा मोडा. यंदा जोह्याला मूर्ती सांगायला याल तेव्हा भाव करायच्या आधी, दारात उभं राहून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारा: इथली डोळे आखणारी कुठे बसते? मागे बसते असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर हातातली मूर्ती खाली ठेवा आणि रिकाम्या हातानं बाहेर या.